हर्षाली, मंजुरी यायची होती

हर्षाली,

तू गेल्यानंतरची गंधमुक्ती आटोपली आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. रजा शिल्लक होती, पण घरी बसून करायचं काय ते कळेना. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाशेजारी, काचेमागची माझी खुर्ची होती तशीच होती. वर पाटीही तीच, 'कॅशलेस विमा चौकशी'. पहिला आला तो मोतीबिंदूचा पेशंट. मी त्याचं कार्ड घेतलं, फॉर्म भरला, विमा कंपनीला पाठवला आणि म्हणाले, "बसा, मंजुरी आली की हाक मारते." आवाज नेहमीसारखाच निघाला. मला वाटलं होतं, निघणार नाही.

रडू येत नाही गं. बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, आता फुटेल मग फुटेल म्हणून. तुझ्या आई माझ्या गळ्यात पडल्या तेव्हा मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते आणि मनात मागच्या दाराची कडी लावली का ते आठवत होते. हे तुलाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते माझ्याकडे कसे बघतील ते मला माहीत आहे.

चार वर्षांपूर्वी भूषणशी लग्न होऊन तू धुळ्याहून आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या घरात आलीस, तेव्हा मला नवऱ्याचं घर सोडून परत येऊन सहा वर्षं झाली होती. आई-आबा गेलेले. घरात मी आणि माझा धाकटा भाऊ. परत आलेली नणंद घरात असली की नव्या सुनेला काय काय ऐकवून पाठवतात, मला ठाऊक होतं. मी आधीच माझं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. मोठी खोली तुम्हाला, मी पुढच्या खोलीत. तू आलीस, कपाट उघडलंस, रिकामं बघितलंस आणि माझे कपडे पिशवीतून काढून एकेक करत परत लावायला लागलीस. "अक्का, ही खोली तुमनीच शे," म्हणालीस. मी म्हटलं, आमच्याकडे 'शे' नाही म्हणत, 'आहे' म्हणतात. तू म्हणालीस, "मग तुमचीच आहे. शे." त्यानंतर त्या खोलीचा विषय घरात कधी निघाला नाही. मी तुला 'बरं केलंस' असं एकदाही म्हणाले नाही.

तुझ्या वडिलांचं धुळ्याला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. तू लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून शिकलेली. आमच्या गल्लीत आठ दिवसांत बातमी पसरली की भूषणच्या बायकोला मशीन खोलता येतं. मग दुपारी कुणी ना कुणी मशीन घेऊन दारात. तुझ्या बोटांना तेलाचा वास. पोळ्या करायला बसायच्या आधी तू साबणाने तीनदा हात धुवायचीस, तरी भूषण म्हणायचा, पोळीला इंजिनाचा वास येतो. तू म्हणायचीस, "मग धावेल पोटात."

स्कूटर मला तूच शिकवलीस. बेचाळीस वर्षांची बाई, जन्मभर रिक्षाने फिरलेली. तलावाच्या कडेच्या रस्त्यावर रविवारी सकाळी तू मागे पळत होतीस, साडी खोचून. समोर म्हैस आली आणि मी दोन्ही पाय सोडून "अरे देवा" म्हणून ओरडले. तू मागून, "आधी ब्रेक दाबा अक्का, देवाला नंतर बोलवा!" आपण दोघी त्या म्हशीसमोर उभ्या राहून हसत होतो. कामावर मी आता त्या स्कूटरनेच जाते.

आपलं भांडण असं कधी झालंच नाही. एक वाद मात्र राहिला. तो मी आता एकटीच घालते आहे.

तुला तिसरा महिना होता. भूषणच्या चटईच्या कारखान्यातून सगळ्या कामगारांची मिळून एक विमा पॉलिसी आहे. तिचं पुस्तक तू कपाटातून काढलंस आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलीस. मशीनबरोबर येणारं माहितीपत्रकसुद्धा तू असंच वाचायचीस, पेन्सिल घेऊन. मी वांगी भाजत होते. तू म्हणालीस, "अक्का, बाळंतपण आहे यात. सिझरही आहे. पण गर्भपात नाही. कायदेशीर असला तरी नाही, असं लिहिलंय."

मी म्हटलं, "ते ज्यांना मूल नको असतं त्यांच्यासाठी गं. आपल्याला काय करायचंय?"

"पण 'नको असतं' असं यात कुठं लिहिलंय?"

"मी अकरा वर्षं हेच काम करते ना? तू तुझं मशीन बघ."

तू त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारलीस आणि पुस्तक ठेवून दिलंस. मला जरा राग आला होता. माझ्या धंद्यात तू मला शिकवतेस असं वाटलं.

पाचव्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी तू गल्लीतल्या सुमनबाईंच्या मशीनवर वाकली होतीस, आणि तुला खाली ओलं लागलं. तू मला कामावर फोन केलास. घाबरली नव्हतीस. "अक्का, पाणी गेल्यासारखं वाटतंय," एवढंच. अर्ध्या तासात भूषण तुला आमच्याच हॉस्पिटलात घेऊन आला. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी जवळजवळ उरलंच नव्हतं. बाळाचे ठोके मात्र होते.

डॉक्टर मॅडमनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं. फिरवून बोलणं त्यांना जमत नाही, तुला ते आवडायचं. "हे बाळ बाहेर जगण्याइतकं वाढायला अजून खूप दिवस लागतील, आणि पाण्याशिवाय ते होणार नाही. तोवर पिशवीत जंतू शिरले तर हर्षालीच्या जिवावर बेतेल. पिशवी रिकामी करावी लागेल. कायद्याची काही अडचण नाही."

तू विचारलंस, "आजचा दिवस मिळेल मला?"

"आज ताप नाही. आजचा दिवस घे. उद्या नको."

तो दिवस तू भिंतीकडे तोंड करून काढलास. मंगळवारी सकाळी मॅडमना म्हणालीस, "एकदा ठोके ऐकवा." त्यांनी यंत्र लावलं. खोलीभर तो आवाज, घाईघाईचा. भूषण बाहेर निघून गेला. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालीस, "बंद करा आता. कुठे सही करू?"

तुझा निर्णय इथे झाला होता. पुढचं सगळं माझ्या टेबलावर झालं.

मॅडमनी फॉर्मवर स्पष्ट लिहिलं, पाणी गेल्यामुळे आईच्या जिवाला धोका, वैद्यकीय गर्भपात आवश्यक. तो शब्द बघितल्यावर मला काय होणार ते कळलं. मी वर गेले आणि मॅडमना हळूच म्हणाले, "आपोआप गर्भपात असं लिहिता येईल का? तो बसतो यांच्या पॉलिसीत." त्या म्हणाल्या, "ठोके चालू आहेत. आपोआप काही झालेलं नाही. मी खोटं लिहिणार नाही." मी तुझ्याकडे आले, तू तरी त्यांना सांग म्हणून. तू म्हणालीस, "ठोके आहेत तर नाहीत कसं लिहायचं, अक्का? मी आत्ताच ऐकलेत."

फॉर्म गेला. तासाभराने उलट प्रश्न आला, हा गर्भपात रुग्णाच्या इच्छेने केला जात आहे का? हो किंवा नाही लिहा. तो कागद घेऊन मी तुझ्याकडे आले. तू दोनदा वाचलास.

"माझी इच्छा विचारताहेत?"

"तसं नाही गं. ठरलेला प्रश्न आहे."

"सही माझी आहे. म्हणजे इच्छा पण माझीच धरायची का?"

मी 'नाही' लिहून पाठवलं. संध्याकाळी पाचला उत्तर आलं. पॉलिसीच्या अटींनुसार गर्भपात, कायदेशीर असला तरी, समाविष्ट नाही. अक्षर न् अक्षर तुझ्या पेन्सिलीच्या रेघेवरची ओळ. मी तो कागद तुला दाखवला. तू म्हणू शकली असतीस, मी सांगितलं होतं. नाही म्हणालीस. "चहा घेतला का तुम्ही? सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही," असं म्हणालीस.

भूषण म्हणाला, "अक्का, पैसे आहेत माझ्याकडे. भरून टाकतो."

पैसे होते, हर्षाली. हे मी लिहून ठेवते, कारण लोक आता म्हणतात, बिचाऱ्यांकडे पैसे नसतील. कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. मी म्हटलं, "थांब. एकदा आपण भरले की त्यांना निमित्तच मिळतं, मग कधी देणार नाहीत. सकाळी त्यांचे वरचे डॉक्टर बसतात. मी बोलते. मंजुरी आणते."

मला ती मंजुरी पाहिजे होती. त्यांची ओळ चूक होती आणि माझं काम त्यांना ते पटवायचं होतं. आणि अकरा वर्षं त्या खुर्चीत बसून मला माझ्या भावजयीची मंजुरी आणता येत नाही, हे मला तुझ्यासमोर मान्य करायचं नव्हतं. दोन्ही खरं आहे. किती टक्के कोणतं, ते मला सांगता येत नाही.

आमच्याकडे नियम आहे, फाईलवर मंजुरीचा किंवा पैसे भरल्याचा शिक्का पडल्याशिवाय वर काही सुरू होत नाही. तो शिक्का माझ्याच खणात असतो.

बुधवारी दहापासून मी फोनवर. पलीकडे एक सभ्य आवाज. "मॅडम, आईच्या जिवाला धोका असं लिहिलंय, पण रुग्णाला ताप नाही, बीपी नॉर्मल आहे. मग तातडी कुठे दिसते?"

मी म्हटलं, "म्हणजे ताप यायची वाट बघायची का?"

"मी तसं म्हणत नाही. कागदावर जे दिसतं त्यावर आम्ही ठरवतो. वरच्या डॉक्टरांकडे पाठवतो. ते फोन करतील."

एक वाजता मॅडम तुझ्या खोलीच्या दारात आल्या. मी तिथेच उभी होते. त्या म्हणाल्या, "आता थांबू नका. नाडी वाढलीय तिची. पैसे भरा आणि मला सुरू करू द्या."

मी म्हणाले, "एक तास, मॅडम. त्यांचा फोन येतोच आहे. फक्त एक तास."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एकच," म्हणाल्या. खाली एक सिझर अडलं होतं, त्या तिकडे गेल्या. मी माझ्या टेबलाशी येऊन फोनसमोर बसले. तास झाला. मी त्याच्यावर अजून वीस मिनिटं बसले. मग अजून थोडा वेळ. पावणेतीनला भूषण धावत आला. तुला हुडहुडी भरली होती.

मग शिक्का कुणी विचारला नाही. मॅडमनी तुला तशीच आत घेतली. मुलगा होता की मुलगी, कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विष तोवर रक्तात गेलं होतं. संध्याकाळी तुला अतिदक्षता विभागात हलवलं.

गुरुवारी तिथला फॉर्म मीच भरला. कारण लिहिलं, रक्तातला जंतुसंसर्ग. वीस मिनिटांत मंजूर झाला. वाढीव खर्चाला सुद्धा हरकत नाही म्हणाले. तुझं आजारी पडणं पॉलिसीत बसत होतं. तू आजारी पडू नये म्हणून जे करायचं होतं, ते बसत नव्हतं. मी तो कागद फाईलला लावला, दोन भोकं पाडून, नीट.

त्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. तू मास्क जरा बाजूला सारलास. मला वाटलं, काही विचारशील. तू म्हणालीस, "सुमनबाईंचं मशीन उघडं पडलंय. बॉबीन खिडकीत ठेवलीय, सांगा त्यांना." मी 'बरं' म्हणाले. 'माझं चुकलं' म्हणायला पाच मिनिटं पुरली असती. शुक्रवारी दुपारी तू गेलीस.

कामावर परत गेले त्या दिवशी मी एक जुनी फाईल काढली. वर्षभरापूर्वीची. पाचोऱ्याची एक बाई होती. तिचंही असंच, पाणी गेलेलं, ठोके चालू. तिच्या नवऱ्याला मी काचेमागून सांगितलं होतं, "बसत नाही पॉलिसीत. गर्भपात आहे ना." तो शब्द मी कोणत्या आवाजात उच्चारला असेल, ते मला आता ऐकू येतं. ती दोघं निघून गेली. पुढे काय झालं, मी कधी विचारलं नव्हतं. तुझ्यानंतर विचारावंसं वाटलं. फाईलवरच्या नंबरला फोन लावला. तिनेच उचलला.

"तुम्ही काचेमागच्या ना?" ती म्हणाली. "तुम्ही मान वर करून बघितलं पण नव्हतं."

मी म्हटलं, "हो. मीच ती. तुम्ही कशा आहात?"

"मी बरी आहे. आम्ही लगेच सरकारी दवाखान्यात गेलो. त्यांनी त्याच दिवशी केलं. का हो? आता काय झालं?"

काही नाही म्हणून मी फोन ठेवला. तिला मी तोडून नाही म्हणाले, म्हणून ती वाचली. तू माझी होतीस, म्हणून तुला मी थांब म्हणाले.

हॉस्पिटलच्या साहेबांना मी लिहून दिलंय की, अशा वेळी शिक्क्यासाठी कुणाला अडवू नये, आधी सुरू करावं, कागद नंतर बघावेत. ते म्हणाले, "बघू, मीटिंगमध्ये ठेवू." मीटिंग अजून झालेली नाही. तोवर मी ठरवलंय, असं कुणी आलं की मी काही न विचारता शिक्का मारणार. नोकरी गेली तर जाईल. हे मी तुला शौर्य म्हणून सांगत नाही. हे मला बुधवारी एक वाजता करता आलं असतं.

काल भूषण आणि मी धुळ्याला जाऊन आलो. तुझ्या आई इथले विधी उरकून परत गेल्या, तेव्हापासून आजारी आहेत. तुझे वडील दुकान उघडतात, पण गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतात. तुझ्या आईंनी आम्हाला जेवायला वाढलं. वाढता वाढता माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, तुम्ही तठे व्हतात, म्हनीसन माले घोर नव्हता." मी तिथे होते, म्हणून त्यांना काळजी नव्हती. मी हातातला घास खाल्ला. गिळलाही. आपण असलो की माणसं निर्धास्त होतात, याचा मला फार अभिमान होता गं.

परतीच्या एसटीत भूषण खिडकीशी बसला होता. तो हल्ली कमी बोलतो. दाढी वाढलीय. पारोळा गेलं, आणि मी ठरवलं की आता सांगायचं. एरंडोलपर्यंत सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

मी म्हणाले, "भूषण, बुधवारी एक वाजता मॅडम म्हणाल्या होत्या थांबू नका म्हणून. मी एक तास मागून घेतला. तुला मी सांगितलं नाही ते."

तो बाहेरच बघत होता. "माहीत आहे," म्हणाला. "मी आतच होतो. दार उघडं होतं."

"तू ऐकलंस?"

"हो."

"मग भरले का नाहीस पैसे? कार्ड होतं ना तुझ्याकडे."

मला वाटलं, आता तो ओरडेल. गाडीत माणसं होती, तरी ओरडावं असं मला वाटत होतं. त्याने खिडकीची काच खाली ओढली, पुन्हा वर केली. म्हणाला, "मी निघालोच होतो खाली. कार्ड काढलं होतं खिशातून. तिनं हात धरला माझा."

"कुणी?"

"हर्षालीनं. तिनंही ऐकलं होतं ना. म्हणाली, एका तासाचंच तर आहे. अक्का सकाळपासून भांडताहेत माझ्यासाठी. त्यांचा शब्द पडायला नको."

जळगाव आलं. स्टँडवर उतरलो, रिक्षा केली, घरी आलो. मी कुकर लावला. तो वर गच्चीवर जाऊन बसला. शेजारून कुणीतरी टीव्ही लावला होता, त्यातला हसण्याचा आवाज येत होता. मी ओट्याशी उभी होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

हर्षाली, अगं, माझा शब्द पडू द्यायचा होतास.